आपल्या प्रकृतीला मानवणारे पत्ते

कल्याण हे फाट्याचे गाव आहे. 1854 साली ठाण्याहून निघालेला लोहमार्ग येथवर पोहोचला, पुढे यथाकाल त्याला दोन तोंडे फुटून एक शहाड, आंबिवली, टिटवाळा करीत कसाऱ्याकडे आणि दुसरे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करीत कर्जतकडे गेले. आणि तेव्हापासून, बदलापुरास घरी जाऊन जेवण्याच्या निश्चयाने भलत्याच गाडीत बसून पेंगणाऱ्या मनुष्यास टिटवाळ्याच्या महागणपतीचे अनाहूत दर्शन घडण्याचा संभव या गावाच्या नशिबी कायमचा लिहिला गेला. जेथे एका फलकाकडे दुर्लक्ष झाल्याने मनुष्याची दिशाच बदलते, तेथील नागरिकांस भविष्याविषयी इतर गावांपेक्षा काकणभर अधिक औत्सुक्य असावे, यात नवल नाही.

पूर्वी हे औत्सुक्य पोपट भागवीत असे. स्थानकाबाहेरच्या वर्दळीत पिंजरा, त्यापुढे एका ओळीत मांडलेली पाकिटे आणि मागे बसलेला त्याचा मुखत्यार, एवढ्या सामग्रीवर ही कचेरी चाले. पिंजऱ्याचे दार वर सरकले, की पोपट तिरक्या चालीने बाहेर येई, दोनचार पाकिटांना नुसतीच चोच लावून ती नामंजूर करी, एक ओढून बाजूस टाकी, मोबदल्याचा दाणा टिपी आणि कोणाकडेही न पाहता आत जाई. या पद्धतीत जो निःस्पृहपणा होता, तो नंतरच्या कोणत्याही भविष्यवेत्त्यात मला आढळलेला नाही. गिऱ्हाईक नोकरीच्या चिंतेत आहे की सुनेच्या, याच्याशी पोपटाला कर्तव्य नसे, आणि मुख्य म्हणजे निवडीची जोखीम सर्वस्वी त्याच्या शिरावर असे. आपण फक्त पैसे द्यायचे आणि निमूटपणे ऐकून घ्यायचे. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा अंमल हळूहळू या पिंजऱ्यापर्यंत पोहोचला. पोपट कायद्याच्या छत्राखाली गेला आणि मनुष्य निराधार झाला.

त्या रिकाम्या जागेवर आता टॅरो रुजू झाले आहे. शिवाजी चौकापासून खडकपाड्याकडे जाताना वास्तुशास्त्र, अंकशास्त्र आणि रेकी यांच्या शेजारी टॅरोचीही पाटी अधूनमधून दिसू लागली आहे, आणि ही विद्या शिकविणारे वर्ग तर डोंबिवलीहून घरबसल्या पडद्यावर चालतात. या विद्येचा पहिला पाठ असा, की भविष्य पाहण्यापूर्वी आपल्या प्रकृतीला मानवणारा पत्त्यांचा संच निवडावा. संचात अठ्ठ्याहत्तर पाने असतात. त्यांतली छप्पन्न आपल्या ओळखीच्या पत्त्यांच्या कुळातली, म्हणजे पेले, नाणी, तलवारी आणि दंड अशा चार रंगांची. उरलेली बावीस मानाची, ज्यांवर मूर्ख, जादूगार, सम्राट, एकांतवासी, मृत्यू, सैतान, मनोरा, तारा अशी मंडळी विराजमान झालेली. येथवर प्रकरण सोपे आहे. परंतु ही अठ्ठ्याहत्तर पाने शेकडो चित्रकारांनी शेकडो प्रकारे रंगविलेली असून, त्यांत मांजरांचे संच आहेत, वनस्पतींचे आहेत, आणि प्रत्येक संचाचा म्हणून एक स्वभाव असतो असे जाणकारांचे म्हणणे आहे. कोणता संच गोड बोलतो, कोणता तोडून बोलतो, कोणता तीन वेळा विचारल्याशिवाय बोलतच नाही, याची चर्चा ही मंडळी ज्या गांभीर्याने करतात, त्या गांभीर्याने आपल्याकडे फक्त स्थळांची चर्चा होते. स्थळ पाहतानाही आपण अनुरूप या शब्दाखाली पुष्कळ गोष्टी झाकतो. तोच शब्द येथे आला आहे आणि तेच काम करतो आहे. माणूस संच पाहू लागतो, तेव्हा आपल्याला कोणते उत्तर नको आहे हे त्याचे आधीच ठरलेले असते, आणि ते उत्तर कमीत कमी दुखवील अशा चित्रांच्या शोधात तो असतो. पोपटाने ही सवलत कोणासही दिली नव्हती.

आमच्या इमारतीत मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या डोंबिवलीच्या भाचीने या विद्येचा रीतसर अभ्यास केला असून, मामांनी निवृत्तीनंतर सोसायटीच्या सभांतून जे मार्गदर्शन आरंभिले होते त्याला काही दैवी अधिष्ठान मिळावे, अशा सद्हेतूने तिने त्यांना टॅरोची दीक्षा दिली. “मामा, संच मनाने निवडायचा. जो बोलावील तो आपला,” असे ती म्हणाली. ज्यांनी उभ्या हयातीत तुलनात्मक तक्ता केल्यावाचून टाचणीचा डबासुद्धा खरेदी केला नाही, त्यांना हा उपदेश पटणे शक्य नव्हते. त्यांनी फुलस्केप कागद घेतला, पट्टीने रकाने आखले, आणि संचाचे नाव, पानांची संख्या, किंमत, कागदाची प्रत, चित्रांचे स्वरूप व शेरा अशी मांडणी करून प्रकरण हाती घेतले. तो तक्ता मला वाचावयास मिळाला. त्यातले शेरे या विषयावरील वाङ्मयात मोलाची भर घालणारे आहेत.

फ्रान्समधील मार्सेच्या जुन्या संचाबद्दल त्यांनी लिहिले होते: ‘चाळीस पानांवर चित्र नसून केवळ चिन्हांची मोजदाद आहे. तपशील अपुरा. खुलासा मागवावा.’ मांजरांच्या संचाबद्दल: ‘घरात एक मांजर आहे. तेही विचारल्यास उत्तर देत नाही.’ ॲलिस्टर क्रोली या इंग्रज मांत्रिकाच्या कल्पनेवरून लेडी फ्रीडा हॅरिस यांनी 1938 ते 1943 या काळात रंगविलेल्या थोथ नावाच्या संचाबद्दल शेरा अधिक गंभीर होता: ‘चित्रे भव्य, आशय दुर्बोध. कर्त्याची वर्तणूक चौकशीअंती समाधानकारक आढळली नाही.’ येथे मी एवढीच पुस्ती जोडीन, की हा संच पत्त्यांच्या रूपाने रीतसर बाजारात आला 1969 साली, त्या वेळी क्रोलीला जाऊन बावीस वर्षे आणि बाईंना जाऊन सात वर्षे झाली होती. भविष्याचे एवढे मोठे दप्तर तयार करणाऱ्या दोघांनाही त्याच दप्तराचे भवितव्य पाहता आले नाही. अखेरीस रायडर-वेट या संचासमोर ‘चित्रे स्पष्ट, मंजुरीस पात्र’ असे लिहून खाली बारीक अक्षरात एक हरकत नोंदविली होती: ‘पान क्र. 16 बाबत इमारतीतील रहिवाशांना विश्वासात घ्यावे.’ सोळाव्या पानावर वीज पडून कोसळणारा मनोरा आणि त्यातून डोके खाली करून पडणारी दोन माणसे आहेत. आमची इमारत जुनी आहे, धोकादायक इमारतींच्या यादीचा विषय दर पावसाळ्याच्या तोंडाशी जिन्यात निघतो, आणि असे पान एखाद्या सभासदासमोर उलगडले तर त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे हे त्यास पटवून देणे अव्वल कारकुनालाही जड गेले असते.

या संचाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. लंडनच्या रायडर कंपनीने तो 1909 च्या अखेरीस काढला. आर्थर एडवर्ड वेट या गूढविद्येच्या अभ्यासकाने योजना केली आणि पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीने काही महिन्यांच्या अवधीत सारी चित्रे काढून दिली. वेटसाहेबांचे लक्ष बावीस मानाच्या पानांवर अधिक. उरलेल्या छप्पन्न सामान्य पानांचा भार बहुतांशी बाईंवर पडला, आणि जेथे पूर्वी सात पेले म्हणजे खरोखरच सात पेले असत, तेथे तिने माणसे, घरे, पाऊस, नावा, भांडणे आणि आजारपणे आणून बसविली. मोबदला एकरकमी, तोही बेताचा. 1951 साली ती कॉर्नवॉलमध्ये वारली तेव्हा हाताशी फारसे काही नव्हते. संच मात्र प्रकाशकाच्या आणि योजकाच्या नावाने जगभर गेला. मराठी लेखकांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

पण बाईंच्या चित्रांची खरी कसोटी आमच्या शेजारी, त्या गृहस्थांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या हाती लागली. संच घरात येताच त्यांनी तो डाळ निवडण्याच्या सावधपणाने परातीत पसरला. पहिला आक्षेप सहाव्या पानावर आला, जेथे प्रेमी युगुल आदम आणि ईव्ह यांच्या वेषात, म्हणजे वेषावाचून, उभे आहे. “अगं, हे कोण उघडेवाघडे?” “मामी, ते प्रतीक आहे.” “प्रतीक असू दे, पण त्याला काहीतरी नेसवा.” पंधराव्या, सतराव्या आणि एकविसाव्या पानावरही हीच अडचण निघाल्यामुळे देवघराच्या खोलीत संचाला मज्जाव झाला. त्यानंतर मात्र जे घडले ते पाहण्यासारखे होते. पेल्यांचे चौथे पान हाती आले. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसला आहे, समोर तीन पेले मांडलेले आहेत, ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतो आहे, आणि हा गृहस्थ मान वर करावयास तयार नाही. वहिनींनी क्षणाचाही विलंब न लावता म्हटले, “हा आपला विरारचा भाचा. तीन मुली दाखवल्या, चौथी सांगून आली, पण साहेबांना पसंत नाही.” तलवारींच्या दुसऱ्या पानावर डोळ्यांना पट्टी बांधलेली एक स्त्री छातीवर हातांची फुली करून दोन्ही हातांत दोन तलवारी धरून बसली आहे, ती मधली जाऊ असल्याचा निर्णय झाला, एका हाती सासू व एका हाती नवरा. दंडांच्या दहाव्या पानावरचा वाकलेला मनुष्य, ज्याने दहा दांडकी छातीशी एकत्र कवटाळल्यामुळे त्याला पुढचा रस्ता दिसत नाही, तो कोण हे मात्र त्यांनी सांगितले नाही; फक्त यजमानांकडे एकदा पाहिले. भाचीने पैसे भरून ज्या विद्येचा वर्ग केला होता, ती मामींना पुस्तक न उघडता साधली. शंभरांहून अधिक वर्षे हा संच इतरांना का मागे टाकीत आला, याचे कारण मला त्या परातीत सापडले.

यावर कोणी म्हणेल, की ही विद्या अतिप्राचीन, तिची अशी परातीत परीक्षा करू नये. तर त्या प्राचीनतेची कैफियत अशी आहे. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत मिलान, फेरारा येथील दरबारांत खेळण्यासाठी निघाले. एक मूर्ख वगळता ती मानाची पाने म्हणजे निव्वळ हुकमाची पाने, इतर रंगांना कापणारी. तीनशेहून अधिक वर्षे युरोपातील सरदार आणि सामान्य जन त्यांवर डाव खेळले, हरले, भांडले. यात कोणाला भविष्याची विशेष चाहूल लागल्याचे दिसत नाही. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 साली या खेळावर एक जाडजूड ग्रंथ लिहून हे प्रकरण साधार मिटविले आहे. भविष्याचा शिरकाव झाला तो 1781 साली, जेव्हा कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने पॅरिसमध्ये हे पत्ते पाहिले आणि हा प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा लपविलेला ग्रंथ होय, असे छापून जाहीर केले. इजिप्तची चित्रलिपी त्या काळी जगात कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे हरकत घेण्यास कोणी हजर झाले नाही. पुढे 1822 साली शांपोलियोंने ती लिपी उलगडली आणि तिच्यात पत्त्यांचा मागमूसही निघाला नाही. परंतु तोवर हरकतीची मुदत टळून गेली होती आणि वहिवाट सिद्ध झाली होती.

वहिवाटीबरोबर विधीही आले. त्यांतला पहिला नियम असा, की पहिला संच स्वतः विकत घेऊ नये, तो कोणीतरी भेट द्यावा. उभ्या नोकरीत ज्यांनी गिऱ्हाइकाकडून चहादेखील घेतला नाही अशी ज्यांची ख्याती, त्या आमच्या शेजाऱ्यांपुढे यामुळे धर्मसंकट उभे राहिले. शेवटी भाचीने संच विकत घेऊन मामांना भेट द्यावा, मामांनी त्याची पूर्ण रक्कम तिला अदा करावी, आणि तिने ‘भेटीपोटी मिळाले’ अशी पावती करून द्यावी, असा तोडगा निघाला. संच रेशमात गुंडाळावा हा दुसरा नियम. त्यासाठी पूजेचा जुना कद उपयोगी पडला, कारण निवृत्तीनंतर तो यजमानांना पुरेनासा झाला होता. तिसरा नियम चांदण्याचा. पौर्णिमेच्या रात्री संच चंद्रप्रकाशात ठेवला, की त्यावरचे पूर्वीचे संस्कार धुऊन जातात असे म्हणतात. परंतु हा नियम ज्यांनी केला त्यांनी कल्याण पश्चिमेतील बांधकामाची पाहणी केली नसावी. आमच्या गॅलरीसमोर दोन उत्तुंग इमारती उभ्या असून, त्यांच्या मधल्या फटीतून चंद्र मध्यरात्रीनंतर दर्शन देतो, तोही घटकाभर. त्या घटकेची वाट पाहत, हाती पत्ते घेऊन, आमचे शेजारी गॅलरीत उभे राहिले असता खालून रखवालदाराने विजेरी मारली आणि “साहेब, डाव मांडलाय का? चौथा गडी हवा असेल तर येतो,” असे विचारले. मला वाटते, एवढ्या साऱ्या मंडळींत त्या एकट्यालाच या पत्त्यांचा मूळ धर्म ठाऊक होता.

खरे सांगायचे तर आपल्याला मानवणारा संच शोधायला मिलानपर्यंत किंवा लंडनपर्यंत जाण्याचे प्रयोजन नव्हते. गाडी सावंतवाडीस थांबते. तेथे गंजिफा होतात. हा खेळ इराणकडून आला. 1527 साली बाबराने सिंधमधील आपल्या एका स्नेह्यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे, आणि अकबराच्या दरबारातील पत्त्यांचे वर्णन अबुल फजलने करून ठेवले आहे. आपल्याकडे येताच त्यांवर दशावतार चढले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंत दहा पाने, एकूण एकशेवीस. पान वाटोळे, चिंचोक्याच्या खळीवर आणि लाखेवर हाताने रंगविलेले. पाच रंगांत दहाचे पान थोर तर उरलेल्या पाचांत एक्का थोर, म्हणजे अर्ध्या राज्यात संख्याबळ आणि अर्ध्यात अल्पमत, हा कारभार आपल्याला अपरिचित नाही. त्याहून मला प्रिय असलेला नियम असा, की दिवसा खेळताना पहिला मान रामाच्या राजाचा आणि दिवेलागणीनंतर कृष्णाच्या राजाचा. दिवसपाळी मर्यादापुरुषोत्तमाकडे व रात्रपाळी गोकुळाकडे सोपविणाऱ्याला मनुष्यस्वभावाची जाण होती, हे कोणीही कबूल करील. ही कला विसाव्या शतकात बुडत चालली असता सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः सत्त्वशीलादेवी भोसले यांनी, ती स्वतः शिकून राजवाड्यात तिचा कारखाना उभा केला. तेथे नवग्रहांच्या एकशेआठ पानांच्या आणि राशींच्या एकशेचव्वेचाळीस पानांच्या गंजिफाही होत आल्या आहेत. ज्यांना ग्रह आणि राशी यांच्यावाचून चैन पडत नाही, त्यांची सोय याहून अधिक काय करायची?

मी ही सूचना तक्त्यात समाविष्ट करण्यासाठी पुढे मांडली. भाचीने विचारले, “काका, यात मृत्यूचं पान कुठंय?” मी कल्कीची बारा पाने दाखविली, ती तिला पुरेशी वाटली नाहीत. वहिनींना चित्रे पसंत पडली, सर्वजण नीट नेसलेले आहेत हा अभिप्रायही त्यांनी दिला, परंतु देव पिसायचे कसे आणि वाटताना एखादा पायाशी पडला तर काय, या शंकेने त्या व्याकुळ झाल्या. अव्वल कारकूनसाहेबांनी मात्र विषयाच्या मुळाशीच हात घातला. टॅरोत पान उलटे आले, की त्याचा अर्थ फिरतो. वाटोळे पान उलटे आले की सुलटे हे कोणी ठरवायचे? भविष्य सांगणाऱ्यावर एवढे स्वेच्छाधिकार सोपविणे त्यांना प्रशासकीय दृष्ट्या धोक्याचे वाटले. हाताने रंगविलेल्या संचाची किंमतही छापील संचाच्या कितीतरी पट भरली, आणि गंजिफा तहकूब झाल्या.

पण पुढच्या कार्तिकात आणखी एक गोष्ट झाली. भाचीचा मित्रवर्ग जमला, भविष्ये पाहून झाली, प्रत्येकाला परदेशी जाण्याचा योग निघाला, आणि पाऊस नसतानाही वीज गेली. मेणबत्तीच्या प्रकाशात अव्वल कारकूनसाहेबांनी बावीस मानाची पाने बाजूस काढली, चार प्यादी वगळली, बावन्न मोजून घेतली आणि मेंढीकोटाचा डाव वाटला. पेले म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पीक, नाणी म्हणजे चौकट, दंड म्हणजे किलवर, हा जमाखर्च सर्वांना तत्काळ उमगला. चार दहिले गोळा करण्याच्या भरात ज्या तलवारींच्या दहाव्या पानावर पाठीत दहा तलवारी खुपसलेला मनुष्य पालथा पडला आहे आणि जे पाहून संध्याकाळी एका मुलीला रडू आले होते, ते पान तिनेच आनंदाने ओरडत जिंकून नेले. सकाळच्या गाडीत कल्याणपासून घाटकोपरपर्यंत मांडीवर बॅग आडवी ठेवून पत्ते कुटणाऱ्या मंडळींनी अशा खेळावर शास्त्र रचले नाही, याचे श्रेय मी त्यांच्या स्थानकांना देतो. मध्येच उतरावे लागते.

तेव्हा वाचकांपैकी कोणास संच घ्यावयाचाच असेल, तर माझे मत असे, की रायडर-वेट घ्यावा, कारण त्यातली माणसे ओळखीची निघतात आणि त्यावर मेंढीकोटही खेळता येतो. भविष्याचा भाग घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडे सोपवावा. दुकानातच वेष्टन उघडू देत असतील, तर पाने मोजून घ्यावीत. अठ्ठ्याहत्तर भरली पाहिजेत. क्वचित ऐंशी भरतात. त्या वेळी घाबरून जाऊ नये किंवा आपल्यावर विशेष कृपा झाली असेही मानू नये. वरची दोन पाने प्रकाशकाच्या जाहिरातीची असतात.